माशांचे पाणी लवकर कसे तयार करावे?

आमच्या चौथीच्या वर्गात काचेची पेटी आहे. तिच्यात गप्पी मासे आहेत. पाहुणे आले की म्हणतात, वा, शोभेचे मासे! पण ते शोभेचे नाहीत, कामाचे आहेत. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ चार-चार दिवस येत नाही, म्हणून घरोघरी टाकी अन् ड्रम भरून ठेवावे लागतात. अशा भरून ठेवलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची मादी अंडी घालते, आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. गप्पी मासा डासाच्या अळ्या खातो. आरोग्य खात्याची माणसेसुद्धा हे मासे टाक्यांत सोडायला सांगतात. आमची पेटी म्हणजे त्यांचे पाळणाघर. गप्पीची मादी अंडी घालत नाही, एकदम पिल्लेच देते, म्हणून मासे भराभर वाढतात. ज्यांना पाहिजे त्यांनी बाटलीत घेऊन जावे.

अडचण पाण्याची आहे. नळाच्या पाण्यात टी.सी.एल. पावडर टाकतात. ती टाकलीच पाहिजे, नाहीतर हगवण अन् कावीळ होते. पण तिच्यातल्या क्लोरीनने माशांचे कल्ले खराब होतात. मागच्या पावसाळ्यात एका घरी नळाचे पाणी थेट टाक्यात सोडले, तर सकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते. तेव्हापासून त्या घरचे आजोबा म्हणतात, "मासेच नको अन् भानगडच नको." मला हे पटत नाही. त्यांच्याच घरी नंतर दोघांना ताप आला होता. तो डासांमुळेच आला असे मी म्हणत नाही, पण टाक्यात अळ्या होत्या त्या मी डोळ्यांनी पाहिल्या.

सगळे सांगतात, पाणी एक दिवस उघडे ठेवा, मग माशांना घाला. हे खरे आहे. पण एक दिवस भांडे अडकते त्याचे काय? माझी माय म्हणते, "काहून वं, माणसाले गुंड नाही अन् मासोळीले गुंड?" तिचेही बरोबर आहे. 2018 साली तर यवतमाळ शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटली होती, तिथे लोक टँकरमागे पळत होते. म्हणून पाणी लवकर तयार झाले पाहिजे आणि भांडे लवकर मोकळे झाले पाहिजे.

आम्ही हे करून पाहिले. जलसुरक्षक काका नळाची ओ.टी. टेस्ट करतात. त्या औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले म्हणजे त्यात क्लोरीन आहे. (त्या औषधात ॲसिड असते, म्हणून थेंब काकांनीच टाकले.) एकाच नळाचे पाणी सकाळी दहाला तीन ठिकाणी घेतले. एक झाकलेला गुंड सावलीत ठेवला. दुसरे पाणी या बादलीतून त्या बादलीत वीस वेळा ओतले आणि सावलीतच ठेवले. तिसरे पसरट टबात उन्हात ठेवले. दुपारी एक वाजता पाहिले, तर गुंडातले चांगले पिवळे झाले. ओतलेले जरा फिके, पण पिवळेच. टबातले मात्र काहीच पिवळे झाले नाही! उन्हाने क्लोरीन मोडतो. पसरट भांड्यात ऊन तळापर्यंत पोचते, म्हणून तीनच तासांत काम झाले. ओतून ओतून हात दुखवण्यात अर्थ नाही. आणि आपल्या यवतमाळला ऊन काय विकत आणावे लागते?

श्रावणात ढग असले की हे जमत नाही. तेव्हा एक दिवस थांबावे. दुकानात अँटी क्लोरीन म्हणून बाटली मिळते. तिच्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. पूर्वी फोटो धुवायला तेच वापरत, त्याला हायपो म्हणत. त्याने क्लोरीन लगेच जातो. पण रोज पैसे कशाला घालवायचे? घाईच्या वेळेपुरती ती ठेवावी.

काही जण पाणी उकळा म्हणतात. उकळल्याने क्लोरीन जातो, पण सरपण जळते, पाण्यातली हवाही निघून जाते आणि थंड होईपर्यंत दुपार होते. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, क्लोरीन जात नाही. तांब्याचे भांडे तर घेऊच नये, तांबे माशांना विष आहे. बोअरच्या खाऱ्या पाण्यात गप्पी मजेत राहतात, पण ते पाणी आपण प्यावे असा त्याचा अर्थ नाही. आपल्या जिल्ह्यात काही गावांच्या बोअरला फ्लोराईड आहे, आणि ते उकळून किंवा उन्हात ठेवून जात नाही.

टब उन्हातून आणला की पाणी गरम असते. ते सावलीत निवू द्यावे, मगच घालावे. आणि पेटीतले सगळे पाणी कधीच बदलू नये. पेटीतल्या खड्यांवर चांगले जंतू असतात, ते माशांची घाण खातात. ते तयार व्हायला काही आठवडे लागतात, तिथे ऊनही घाई करू शकत नाही. आम्ही 20 लिटरमधले 5 लिटरच आठवड्याला बदलतो. काढलेले पाणी परसबागेतल्या वांग्यांना घालतो, म्हणजे माशांनी पाणी वाया घालवले असे कोणी म्हणू नये. जास्त झालेले मासे मात्र नाल्यात किंवा तळ्यात सोडू नका, ते तिथल्या आपल्या माशांची पिल्ले खातात.

माय तिचा टब आता परत मागते आहे. ज्या पालकांकडे न गळणारा, पसरट, जुना टब असेल त्यांनी तो शाळेत आणून द्यावा. कडा तुटलेल्या असल्या तरी चालतील.