इंजिनाचा नाद मुलीला लागला तर?

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. हर्णै, दाभोळ, मिरकरवाडा, जैतापूर, कोणत्याही बंदराला जा, नौका वर ओढून शाकारलेल्या दिसतात. लहान होड्यांची आऊटबोर्ड इंजिने घरोघर पडवीत येऊन पडतात. मोठ्या नौकांची डिझेल इंजिने जागेवरच उघडली जातात. नाखव्यांना वाटते, दोन महिने आहेत, होईल सावकाश. मग जुलैचा शेवटचा आठवडा येतो आणि एकेका मिस्त्रीच्या दारात चार-चार नाखवे उभे राहतात. 'आज येतो, उद्या येतो' असे करता करता ऑगस्टचे पहिले दिवस हातचे जातात. हंगामाच्या पहिल्या दिवसांची किंमत काय, हे ज्याची नौका तेव्हा किनाऱ्यावर राहिली त्यालाच विचारावे.

मिस्त्री कमी का पडतात, असे विचारले की ठरलेली उत्तरे मिळतात. मुले आखातात गेली. जी राहिली ती मोबाईलमध्ये गुंतली. हात काळे करायला कोणी तयार नाही. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु एक कारण असे आहे की जे आपण बोलून दाखवत नाही. ज्यांचे हात काळे व्हायला तयार होते, त्यांतील अर्ध्यांना आपण स्वतःच पडवीतून उठवून आत पाठविले. आम्ही घरातल्या मुलींविषयी बोलत आहोत.

नाद हीच पहिली शाळा

कारागिराच्या घरात धंद्याचे शिक्षण वर्गात सुरू होत नाही, ते नादातून सुरू होते. दहा-बारा वर्षांचा मुलगा बापाजवळ बसतो, पाना हातात देतो, जुना कार्ब्युरेटर खोलून पाहतो, जोडताना दोन स्क्रू उरवतो आणि बोलणी खातो. या वयात त्याला कोणी पगार देत नाही आणि तो मागतही नाही. तो त्याचा छंद असतो. पुढे याच छंदाचे हुन्नर होते आणि हुन्नराची रोजी होते. आपल्या समाजातील बहुतेक चांगले उस्ताद असेच घडले आहेत. म्हणूनच, कोणाला कोणता छंद करू द्यायचा हा प्रश्न किरकोळ नाही. उद्या धंदा कोणाच्या हाती असेल, हे आजच्या छंदावर ठरते.

आमच्या परिचयाचे एक मिस्त्री आहेत. त्यांचा मुलगा कधी इंजिनाजवळ फिरकला नाही, मुलगी मात्र तिथून हलत नसे. बारा वर्षांची असताना तिने एका दोन-सिलिंडर इंजिनाचा आवाज ऐकून सांगितले की एका नोझलमध्ये दोष आहे. मिस्त्रींनी नोझल काढून पाहिले, तर मुलीचे बरोबर होते. त्यांना आनंद झाला. त्यांनी आम्हाला तो किस्सा चार वेळा तरी सांगितला. परंतु दर वेळी शेवटी एकच वाक्य असे, "मुलगा असता तर!" पुढच्या पावसाळ्यात मुलीचे पडवीत बसणे बंद झाले. आज मिस्त्रींची दृष्टी मंद झाली आहे, टॅपेटची फट बघायला त्यांना बाहेरून माणूस आणावा लागतो. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी आहे. मागे ती माहेरी आली होती तेव्हा आम्ही सहज विचारले, इंजिनाचे काही आठवते का? ती हसून म्हणाली, "काका, आठवून करू काय?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. कारण 'मुलगा असता तर' हे वाक्य ऐकताना दर वेळी आम्हीही मान डोलावली होती.

हे काम ताकदीचे की लक्षाचे?

इंजिनाचे काम पुरुषी ताकदीचे आहे, असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक सिलिंडर हेड किंवा इंजिन पुरुषही हाताने उचलत नाहीत, त्यासाठी चेन-पुली असते. देखभालीचे जे खरे काम आहे ते लक्षाचे, स्वच्छतेचे आणि नियमाचे आहे.

समुद्रात इंजिन बंद पडते त्याची कारणे पुष्कळदा अगदी साधी असतात. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचे पाणी होते, ते डिझेलच्या तळाशी बसते आणि फिल्टरमार्गे पुढे सरकते. म्हणून पावसाळ्यात टाकी रिकामी किंवा अर्धी न ठेवता भरून ठेवावी, आणि हंगामात फिल्टरखालच्या वाटीतील पाणी रोज सोडावे. फिल्टर बदलल्यावर लाईनमध्ये हवा राहते. स्क्रू सैल करून हातपंप मारावा आणि बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा. एवढे न केल्यामुळे नवा फिल्टर टाकलेले इंजिनही सुरू होत नाही.

दुसरे कारण थंड पाण्याचा पंप. त्यातील रबरी इम्पेलरच्या पाती इंजिन महिनोन्महिने बंद राहिल्यास एकाच बाजूला वाकून राहतात, कडक होतात आणि तुटतात. तो पावसाळ्यात काढून ठेवावा, ऑगस्टमध्ये तपासून किंवा नवा बसवावा. पात तुटलेली असेल तर तुकडा शोधून बाहेर काढलाच पाहिजे, नाही तर तो पुढे पाण्याच्या वाटेत अडकतो आणि इंजिन तापते. रबराच्या एवढ्याशा तुकड्यापायी हेड वाकल्याची आणि गॅस्केट गेल्याची उदाहरणे प्रत्येक बंदरात आहेत.

आऊटबोर्डला खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवून काढणे आवश्यक असते. इंजिन चालू असताना मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली तर लगेच बंद करून पाहावे. खालचे गिअर ऑईल दुधासारखे पांढरे निघाले तर सील गेले आणि पाणी आत शिरले असे समजावे. जस्ताचा जो ठोकळा लावलेला असतो तो स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतो. तो निम्मा झिजला की बदलावा, आणि त्याला रंग तर कधीच लावू नये. दोन महिने इंजिन ठेवायचे असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल काढून टाकावे, नाही तर त्याचा चिकट थर बसून जेट बंद होतात. धूरही पुष्कळ सांगतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त. डिझेल इंजिनाचा निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर जात नसेल तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा आत पाणी शिरले आहे.

आता वाचकांनीच सांगावे, यांतले कोणते काम मुलीला न जमणारे आहे? घरातील शिलाई मशीनचे शटल काढून, झाडून, तेल देऊन ती पुन्हा बसवते. धागा तुटू लागला की टेन्शन किती फिरवायचे हे ती आवाजावरून जाणते. हाच कान आणि हीच बोटे इंजिनाला लागतात.

पैसा आला की काम पुरुषाचे?

आपल्या समाजातील कामांची वाटणी नीट पाहिली तर एक विचित्र गोष्ट दिसते. घरी शिवण बाईची, पण बाजारातील टेलर पुरुष. घरी स्वयंपाक बाईचा, पण लग्नाची देग चढवणारा भटारी पुरुष. मालेगाव-भिवंडीत कांडी भरायला बाई, पण लूम दुरुस्त करणारा जॉबर पुरुष. म्हणजे सुईला किंवा पळीला लाज नाही, आणि पान्यालाही ती नसावी. आखातात गेलेला आमचा तरुण खोलीवर स्वतः भात शिजवतो, कपडे धुतो, बटण टाकतो. त्यात त्याची मर्दानगी कमी होत नाही. गावी त्याच्याच धाकट्या भावाला बिर्याणी करण्याचा छंद लागला तर मात्र आपण हसतो. हा नियम शरीअतचा नाही, सवयीचा आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या चपला स्वतः दुरुस्त करीत व घरकामात हातभार लावीत, हे आपण मुलांना शिकवतो. हजरत खदीजा (रजि.) यांचा व्यापार सर्वांना माहीत आहे. हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) कातडे कमावण्याचे काम हाताने करीत आणि मिळकत गोरगरिबांवर खर्च करीत. हाताच्या हुन्नराची लाज आपल्या परंपरेत नाही. ती मागाहून आली आहे.

जग बदलते आहे

इंग्लंडमधील बीट्रिस शिलिंग हिने चौदाव्या वर्षी मोटारसायकल घेतली आणि ती खोलण्या-जोडण्याचा छंद केला. पुढे ती इंजिनिअर झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांचे मर्लिन इंजिन एकाएकी खाली सूर मारताना अडखळत असे, कारण कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जास्त होई. तिने नेमक्या मापाच्या भोकाची एक लहानशी धातूची चकती काढली, आणि १९४१ पासून ती विमानांत बसवली गेली. मोठ्या अडचणीवर एवढासा उपाय ज्या हाताने शोधला तो हात लहानपणीच्या नादात तयार झाला होता.

आपल्या देशातही मागे पाहण्याचे दिवस राहिलेले नाहीत. १९९९ मध्ये सोनाली बॅनर्जी भारतातील पहिल्या महिला मरीन इंजिनिअर झाल्या. केरळच्या त्रिशूर जिल्ह्यातील के. सी. रेखा पतीबरोबर खोल समुद्रात मासेमारीला जातात. त्यासाठी परवाना मिळवणाऱ्या त्या देशातील पहिल्या महिला म्हणून ओळखल्या जातात. १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी गोव्यालाच परतल्या. भर समुद्रात मिस्त्रीला बोलावता येत नाही. तिथे जे काही बिघडेल ते नौकेवरच्यांनाच पाहावे लागते.

आक्षेपांना उत्तर

काही बुजुर्ग म्हणतील, मुलीने बंदरावर परक्या माणसांत जाऊन काम करावे काय? आम्ही तसे म्हटलेले नाही. पावसाळ्यात आऊटबोर्ड घरच्या पडवीत असते, बाप आणि भाऊ शेजारी असतात. कार्ब्युरेटर साफ करायला, नोझल धुवायला, गिअर ऑईल बदलायला बंदरावर जावे लागत नाही. आणि मासळीच्या टोपल्या घेऊन बाजारात बसलेली आमची बाई आपल्याला चालते, तर पडवीत पाना धरलेली का चालू नये?

दुसरे म्हणतील, ग्रीसने माखलेल्या हातांची मुलगी कोण करून घेईल? त्यांना आमचा उलट प्रश्न आहे. नवरा परदेशी असतो, नौका तांडेलाच्या भरवशावर चालते, दुरुस्तीची बिले घरी येतात. 'नवा पंप टाकला' असे सांगितले तर तो खरोखर टाकला की जुनाच धुवून बसवला, हे पाहणार कोण? नवरा वारल्यावर नौका सांभाळणाऱ्या विधवेची अवस्था तर सांगायलाच नको. इंजिन न समजल्यामुळे नौका मातीमोल भावात विकावी लागलेली घरे आमच्या पाहण्यात आहेत. जिला इंजिन कळते तिला फसवणे सोपे नाही. हे दागिन्यांपेक्षा मोठे स्त्रीधन आहे.

करायचे काय?

येत्या जूनमध्ये घरातील मुलीच्या हाती एक वही द्यावी. इंजिन किती तास चालले, ऑईल कधी बदलले, फिल्टर कधी, इम्पेलर कधी, हे तिने लिहावे. पुढे आऊटबोर्ड तिच्या समोर खोलावे आणि तिच्याकडून जोडून घ्यावे. स्क्रू उरले तर मुलाला जेवढे बोलतो तेवढेच तिलाही बोलावे, जास्त नको आणि कमीही नको. आवड टिकली तर आय. टी. आय. मधील मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तोही तिला करू द्यावा. शासनाच्या मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रांतही सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवली जाते. प्रवेशाच्या अटींची चौकशी बापाने स्वतः जाऊन करावी. आणि शेजाऱ्याचे इंजिन तिने दुरुस्त केले तर मजुरी तिच्या हातात द्यावी. 'घरचेच काम' म्हणून ती बुडवू नये. फुकटच्या कामाला लोक छंद म्हणतात आणि मोबदला मिळाला की त्यालाच धंदा म्हणतात.

प्रत्येक मुलीने मिस्त्री व्हावे असा आमचा आग्रह नाही. प्रत्येक मुलगाही होत नाही. ज्याला जो नाद आहे त्याला तो हलाल मर्यादेत करू द्यावा, मुलाला देग आणि मुलीला पाना, एवढेच आमचे म्हणणे आहे. ते ज्यांना पटणार नाही त्यांनी निदान पुढच्या जुलैअखेर मिस्त्रीच्या दारात रांगेत उभे असताना घरी कोण बसले आहे, याचा एकदा विचार करावा.