उंबरमाळीची पुढची गाडी

दादरला लोकल चुकली, तर फलाटावरून हलण्याआधी दुसरी येते. उंबरमाळीला चुकली, तर कामाच्या खाड्याचीच भीती. मुंबईच्या लोकलचा विचार प्रवाशांच्या संख्येवर होतो आणि त्या हिशेबात शहापूर तालुक्यातली तानशेत, उंबरमाळी, आटगाव ही स्थानके कायम तळाला राहतात. पण जिथे पुढची गाडी तासाभराने आहे, तिथल्या एका माणसाची एक गाडी किती मोलाची, हे मोजायचे कोणी?

हा कल्याण-कसारा मार्ग काही नवा नाही. रेल्वे वासिंदला १८५५ मध्ये पोहोचली, आसनगावला १८६० मध्ये आणि कसाऱ्याला १ जानेवारी १८६१ रोजी. तरीही तानशेत आणि उंबरमाळीला लोकल कित्येक वर्षे थांबत होती ती तांत्रिक कारणासाठी; तिकीट खिडकी अगदी अलीकडची. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत उंबरमाळीच्या फलाटापर्यंत पाणी चढले, तेव्हा या स्थानकाचे नाव पहिल्यांदाच अनेक मुंबईकरांच्या कानावर पडले. ज्या भातसा, तानसा, वैतरणा धरणांचे पाणी ते पितात, ती याच परिसरातली.

दुखणे खरे आहे ते दोन रुळांचे. कल्याणपुढे लोकल, मालगाड्या आणि नाशिककडच्या मेल-एक्स्प्रेस त्याच जोडीवरून धावतात. मेल उशिरा आली की तिला पुढे काढायचे आणि कसारा लोकल बाजूला उभी करायची, ही रोजची रीत. आत बसलेले कोण असतात? ठाण्या-मुंबईत पहिल्या पाळीला हजेरी लावणारे कामगार, कॉलेजची मुले, सामानाच्या डब्यात करवंदांच्या आणि रानभाज्यांच्या पाट्या घेऊन कल्याणच्या बाजाराला निघालेल्या आदिवासी बाया. बाजार उठल्यावर पोहोचलेली भाजी मिळेल त्या भावाने द्यावी लागते. मेलच्या उशिराची भरपाई त्या बाईच्या पाटीतून का व्हावी?

कल्याण-कसारा तिसरी मार्गिका मंजूर होऊन दशकाहून अधिक काळ लोटला आहे. लांबी जेमतेम ६७ किलोमीटर. कल्याण ते आसनगाव चौथी मार्गिका २०१९ च्या मंजुरीत आहे. शेजारच्या मुरबाडला तर रेल्वेच नाही. तिथला माणूस आधी एसटीने किंवा जीपने कल्याण गाठतो, मग लोकलच्या गर्दीत शिरतो.

मार्गिका होईल तेव्हा होईल. तोवर दोन गोष्टींना जमीन संपादन लागत नाही. सकाळी कल्याणकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकल मेलसाठी अडवू नयेत. आणि अडवणे अगदीच टळत नसेल, तर गाडी किती वेळ उभी राहणार हे डब्यात आणि पुढच्या प्रत्येक फलाटावर सांगावे, म्हणजे आटगावला उभ्या माणसाला महामार्गावर जाऊन दुसरे वाहन धरायचे की थांबायचे, हे वेळेत ठरवता येईल.