वरवरची डागडुजी

माझा भाचा अमेरिकेत ॲनापोलिसला असतो. चेसापीक उपसागरात फिरायला त्याने चाळीसेक वर्षांपूर्वीची, फायबरग्लासची शिडाची होडी घेतली आहे. मागच्या एप्रिलमध्ये मी तिकडे असताना पावसात तिच्या आतल्या बिछान्यावर पाणी टपकू लागले. थेंब पडत होते ते नेमके चेनप्लेटखाली. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा या स्टीलच्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात. पट्टी डेकमधल्या फटीतून खाली उतरते आणि प्लायवूडच्या भिंतीला बोल्टने आवळलेली असते.

भाचा सिलिकॉनची नळी घेऊन आला. "मामा, पाच मिनिटांचं काम!" मला काही पटेना. आमच्या गच्चीवर दर मे महिन्यात डांबर फासणारे मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. असो.

वारा भरला की तार पट्टीला ओढते, पट्टी किंचित हलते आणि वर फासलेले सुटते. खाली टपकते ते पाणी थोडेच, बाकीचे डेकच्या पोटात मुरते. तिथे फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड असते. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिले. पट्टीभोवती वीतभर आवाज अगदी बद्द!

शेवटी डोलकाठीला दुसऱ्या दोराचा आधार देऊन पट्टी काढली. आतून चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा निघाला. त्याहून वाईट म्हणजे पट्टीलाच केसाएवढी चीर होती. स्टेनलेस स्टील हवेत टिकते, पण ओल्या, बंद फटीत ते आतून खात जाते. ती तुटली असती तर डोलकाठी कोसळली असती, आणि होडीत त्याची सहा वर्षांची लेकही असते. म्हणून माझे स्पष्ट मत, की गळती वरून बुजवणे हे न बुजवण्यापेक्षा वाईट. पाणी आत जातच राहते, फक्त आपल्याला दिसेनासे होते.

मग कुजके लाकूड खरवडले, जागा वाळू दिली, दाट इपॉक्सी भरले आणि त्यातूनच नवी फट कापली, म्हणजे पाणी शिरले तरी लाकडाला लागणार नाही. आधीच्या मालकाने फासलेले सिलिकॉन खरवडण्यातच एक रविवार गेला, कारण त्याच्या तेलकट थरावर दुसरे काही चिकटत नाही. नवी पट्टी बसवून वरच्या झाकणाखाली ब्यूटाइल टेप घातली आणि स्क्रू रोज थोडे थोडे आवळले.

अजून पाच पट्ट्या काढायच्या आहेत. भाचा म्हणतो, हंगाम संपल्यावर बघू. तोवर होडी धक्क्यालाच ठेव, असे मी दर रविवारी फोनवर सांगतो. अजून हो म्हणालेला नाही.