स्वारगेटचे पाणी, भिगवणचे पक्षी

हिवाळा सरू लागला की शनिवार-रविवारी पहाटे पुण्यातून दुर्बिणी आणि कॅमेरे घेतलेली मंडळी सोलापूर रस्त्याला लागतात. स्वारगेटपासून साधारण १०० किलोमीटरवर भिगवण. तिथल्या डिकसळ, कुंभारगाव या गावांच्या काठाने उजनी धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. धरणाची पातळी उतरली की उथळ, चिखलाट किनारे उघडे पडतात आणि तिथे मोठे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, उतरतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब आणि चक्रवाक बदकेही याच फुगवट्यावर हिवाळा काढतात.

या पक्ष्यांची राखण प्रामुख्याने गावकऱ्यांच्या हाती आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली. भिगवणला मात्र मासेमारी करणाऱ्या तरुणांनी पक्ष्यांची नावे शिकून घेतली, होड्या पर्यटकांसाठी काढल्या, घरची चूल पाहुण्यांसाठी पेटवली. थव्याच्या फार जवळ होडी नेली तर पक्षी उडतात आणि उद्याचे गिऱ्हाईकही जाते, हे व्यवहारज्ञान इथे संरक्षणाच्या कामी आले. पक्षी जगले तर घर चालते, हे एकदा पटले की राखणीसाठी फलक लावावे लागत नाहीत.

पण पुणे आणि भिगवण यांना केवळ रस्ता जोडत नाही. पाणीही जोडते, आणि तेही दोन वाटांनी. स्वारगेट परिसरातून जाणारा मुठा उजवा कालवा खडकवासल्याचे पाणी दौंड-इंदापूरच्या शेतीकडे नेतो. जवळच, पर्वतीच्या पायथ्याकडून येणारा आंबिल ओढा मुठेला मिळतो. मुठा संगमावर मुळेला, मुळा-मुठा पुढे भीमेला आणि भीमा उजनीला. शहराचे जे सांडपाणी प्रक्रियेविना नदीत जाते, त्याचा शेवटचा थांबा हा फुगवटा आहे.

सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस हे शेवाळाचे खत. संथ, उथळ, उन्हाने तापलेल्या पाण्यात ते माजते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, रात्री मात्र तोच वापरते. शिवाय मेलेले शेवाळ कुजतानाही प्राणवायू खर्च होतो. पहाटे पाण्यात तो इतका घटू शकतो की नाजूक मासे तग धरत नाहीत. चिलापीसारखा काटक मासा टिकतो. रोहितांना मात्र अशा पाण्यातील कीटकांच्या अळ्या, सूक्ष्म कवचधारी जीव आणि शेवाळ हेच खाद्य. चोच उलटी धरून ते चिखलपाणी गाळतात. म्हणून थवे मोठे दिसले, तरी ते पाणी निरोगी असल्याचे प्रमाणपत्र ठरत नाही. उलट, काही काळ प्रदूषणच त्यांचे ताट वाढू शकते.

हा काळ किती, हे कोणी सांगू शकत नाही. काही नील-हरित शेवाळे यकृताला आणि मज्जासंस्थेला घातक विषे तयार करतात. केनियातील बोगोरिया आणि नाकुरू सरोवरांत लहान रोहितांच्या सामूहिक मृत्यूंशी संशोधकांनी अशा विषांचा संबंध जोडला आहे. उजनीच्या बाबतीत प्रश्न पक्ष्यांपुरता नाही. सोलापूर शहर याच जलाशयाचे पाणी पिते.

पुण्यातील नदी सुधारणेसाठी जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातून ९९० कोटी रुपयांचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. त्यात दररोज ३९ कोटी ६० लाख लिटर क्षमतेची ११ सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत. त्याची मूळ मुदत कधीच उलटली. केंद्रे पूर्ण होणे आवश्यक आहेच, पण तेवढ्याने भागणार नाही. नेहमीची प्रक्रिया सेंद्रिय घाण कमी करते. फॉस्फरस काढण्यासाठी वेगळी सोय करावी लागते. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस किती उरतो, हे मोजून नागरिकांसमोर ठेवले पाहिजे.

भिगवणच्या नावाड्यांनाही या मोजणीत घेता येईल. दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी पाण्यात किती खोल दिसते, यावरून गढूळपणा कळतो. प्राणवायू तपासण्याचे साधे संचही मिळतात. रोज पाण्यावर असणाऱ्या माणसाइतका सातत्याने ही नोंद दुसरा कोणी ठेवू शकणार नाही. पक्षीगणनेच्या आकड्यांशेजारी पाण्याचे आकडे आले, तर थवा वाढला म्हणून आनंद मानायचा की काळजी करायची, हे ठरवता येईल.

लोकसहभाग म्हटले की गावकऱ्यांची जबाबदारी आठवते. भिगवणच्या लोकांनी त्यांचा वाटा उचलला आहे. पहाटेची गाडी पकडून पक्षी पाहायला जाणाऱ्या शहराचा वाटा त्याच्या नाल्यांपासून सुरू होतो, आणि तो अजून बाकी आहे.