पेट्रोलवरचा बहिष्कार नेमका कोणावर?

आमच्या वस्तीतील चार तरुण मध्यंतरी आमच्याकडे आले होते. अमुक दिवशी देशात कोणीही पेट्रोल भरायचे नाही, अमुक एका कंपनीच्या पंपावर तर महिनाभर फिरकायचेही नाही, म्हणजे भाव आपोआप खाली येतील, असा मजकूर त्यांच्या मोबाईलवर फिरत होता. त्यांना पत्रक काढायचे होते आणि पत्रकाखाली आमचे नाव हवे होते. आम्ही नाव दिले नाही. पोरे नाराज झाली. वकील माणसाला कोर्टाशिवाय दुसरे काही सुचत नाही, असे एकाने तोंडावर सुनावले. त्याचा राग खोटा नाही. दिवसभर दुचाकीवरून लोकांचे जेवण पोचवणाऱ्या पोराच्या कमाईतला मोठा वाटा टाकीत जातो. म्हणूनच त्या रागाचे काय करायचे, याचा नीट विचार व्हायला हवा.

अशी आवाहने नवी नाहीत. अमेरिकेत १९९९ च्या एप्रिलमध्ये ई-मेलवरून असेच आवाहन फिरले होते की, ३० एप्रिलला कोणीही पेट्रोल घेऊ नका. त्याने तिथल्या तेल कंपन्यांचे काही बिघडले नाही. कारण साधे आहे. आज न भरलेले पेट्रोल माणूस काल तरी भरतो, नाहीतर उद्या भरतो. गाडी तितकीच चालते, तेल तितकेच जळते. आपल्याकडे तर ३१ मे २०२२ रोजी अनेक राज्यांतील पंपचालकांनीच कमिशनवाढीसाठी एक दिवस कंपन्यांकडून माल उचलला नाही. त्यांचे कमिशन वाढायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. ज्यांच्या हातात पंप आहेत त्यांच्या एक दिवसाच्या बंदची ही किंमत, तर टाकीत दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकणाऱ्याच्या बंदची किती असणार?

राहिला प्रश्न एकाच कंपनीवर बहिष्कार टाकण्याचा. या देशातले बहुसंख्य पंप इंडियन ऑईल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांचे आहेत. तिघींचे भाव पैशांच्या फरकाने सारखे. एकीच्या रिफायनरीतला माल दुसरीच्या पंपावर जातो, हा त्यांच्यातला रोजचा व्यवहार आहे. पाटीचा रंग बदलतो, मालक तोच. एका पाटीवर बहिष्कार टाकून आपण दुसऱ्या पाटीखाली रांग लावणार, आणि पहिल्या पंपावर नळी धरणाऱ्या पोराची नोकरी तेवढी जाणार.

पण समजा, सगळ्या देशाने एकदम पेट्रोल घेणे थांबवले तर? हा प्रयोग झालेला आहे आणि आपण सर्वांनी तो सोसलेला आहे. २०२० चा एप्रिल आठवा. टाळेबंदीमुळे गाड्या उभ्या होत्या, रस्त्यावर फक्त पायी गावाकडे निघालेले मजूर होते. त्या महिन्यात देशातील इंधनाचा खप आदल्या वर्षाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आला. कोणत्याही संघटनेला, कोणत्याही पुढाऱ्याला एवढा कडकडीत बहिष्कार कधी जमला नाही आणि जमणारही नाही. जगभर हेच घडत असल्याने भारताला मिळणारे कच्चे तेल बॅरलमागे वीस डॉलरच्या आसपास उतरले. अमेरिकेच्या वायदेबाजारात तर २० एप्रिलला भाव शून्याच्याही खाली गेला.

मग आपल्या पंपावर भाव किती उतरला? काहीच नाही. मार्चच्या मध्यापासून ८२ दिवस भाव जागचा हलला नाही. मार्चमध्ये केंद्राने उत्पादन शुल्क लिटरमागे तीन रुपयांनी वाढवले, आणि ६ मे पासून पेट्रोलवर आणखी दहा व डिझेलवर तेरा रुपये. तेलाची सगळी उतरंड सरकारच्या तिजोरीने गिळली. महाराष्ट्रातल्या तेव्हाच्या सरकारनेही मागे राहायचे नाही म्हणून १ जूनपासून लिटरमागे दोन रुपये वाढवले. आणि ७ जूनपासून कंपन्यांनी सलग २१ दिवस रोज भाव चढवला. त्या तीन आठवड्यांत दिल्लीत पेट्रोल नऊ रुपयांनी आणि डिझेल अकरा रुपयांनी महागले. ग्राहक नाही म्हणून माल स्वस्त होतो, हा बाजाराचा नियम जगाच्या बाजारात खरा ठरला. आपल्या पंपापर्यंत तो पोचला नाही, कारण वाटेत कर उभा होता.

कागदोपत्री पेट्रोलचा भाव २०१० साली आणि डिझेलचा २०१४ साली सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला. प्रत्यक्षात काय घडते? मे २०१४ मध्ये कच्चे तेल शंभर डॉलरच्या वर होते तेव्हा पेट्रोलवर केंद्राचे शुल्क लिटरमागे ९ रुपये ४८ पैसे होते. सहा वर्षांनी तेल मातीमोल झाले तेव्हा तेच शुल्क ३२ रुपये ९८ पैसे झाले होते. त्यातही एक मेख आहे आणि ती आमच्या धंद्यातल्या माणसाला चटकन दिसते. २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवरील ३२ रुपये ९० पैशांपैकी मूळ उत्पादन शुल्क होते अवघे १ रुपया ४० पैसे. बाकी सगळे अधिभार आणि उपकर, म्हणजे सेस. राज्यघटनेच्या कलम २७० आणि २७१ नुसार अधिभार व सेसचा पैसा राज्यांना वाटून द्यावा लागत नाही. लोकांना पेट्रोलवर एक कर दिसतो, पण त्याचे नाव बदलले की राज्याचा वाटा संपतो. केंद्र आणि प्रांत यांच्यात महसूल कसा वाटला जातो, यावर बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी, १९२५ साली, अख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्या किती आमदार-खासदारांनी तो उघडून पाहिला असेल, कोण जाणे.

राज्येही धुतल्या तांदळासारखी नाहीत. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०१५ पासून दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये लावले. पाऊस पडला, दुष्काळ सरला, पुन्हा आला, पुन्हा सरला, पण लिटरमागचा जादा आकार वेगवेगळ्या आकड्यांनी चालूच राहिला. शिवाय व्हॅट टक्केवारीने लागतो, म्हणजे मूळ भाव वाढला की राज्याची मिळकतही बोट न हलवता वाढते. २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा दोन्ही सरकारे एकमेकांकडे बोट दाखवत होती आणि दोघांचेही गल्ले भरत होते.

पेट्रोलवर कर असूच नये, असे आमचे म्हणणे नाही. शाळा, दवाखाने, शिष्यवृत्त्या करातूनच चालतात. आक्षेप आहे तो कोणाकडून किती घेतले जाते, याला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा आयकर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला गेला. त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. आठ महिन्यांनी, सगळी कामे बंद असताना, लिटरमागे दहा आणि तेरा रुपये वाढले. उद्योगपतीची गाडी आणि रिक्षावाल्याची रिक्षा यांना पेट्रोलपंपावर एकच कर लागतो. यालाच कोणी समता म्हणत असेल तर म्हणो बापडा.

बहिष्कार कधीच चालत नाही, असेही नाही. अमेरिकेत माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस शहर बसवर बहिष्कार टाकला आणि तो जिंकला. पण बसचे बहुसंख्य प्रवासी तेच होते. त्यांनी शेकडो गाड्यांची स्वतःची वाहतूक उभी केली, बाकीचे पायी चालले. म्हणजे त्यांच्याकडे पर्याय होता आणि तो चालवणारी संघटना होती. गंमत अशी की, त्या गाड्याही पेट्रोलवरच चालत होत्या. आणि बसमधला भेद कायद्याने संपवला तो शेवटी न्यायालयाच्या निकालाने.

मोरोक्कोचे उदाहरण तर थेट इंधनाचे आहे. तिथल्या सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये इंधनाचे भाव मोकळे सोडले. एप्रिल २०१८ मध्ये महागाईने कावलेल्या लोकांनी तीन कंपन्यांवर एकदम बहिष्कार टाकला: एक दुधाची, एक बाटलीबंद पाण्याची आणि तिसरी आफ्रिकिया ही पेट्रोलपंपांची. दूधवाली कंपनी वाकली. दूध साठवता येत नाही आणि बाजारात दुसऱ्याचे दूध मिळते. फ्रान्सहून तिचे बडे साहेब धावत आले आणि सप्टेंबरमध्ये दुधाचा भाव उतरला. पण मधल्या काळात त्या कंपनीने शेतकऱ्यांकडून घ्यायचे दूध ३० टक्क्यांनी कमी केले आणि तात्पुरत्या कामगारांना घरी बसवले. आफ्रिकियाचे मालक अजीज अखन्नूश तेव्हा मंत्री होते. २०२१ मध्ये ते पंतप्रधान झाले. इंधन कंपन्यांना दणका बसला तो बहिष्कारानंतर पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, जेव्हा तिथल्या स्पर्धा परिषदेपुढे नऊ कंपन्यांना १८४ कोटी दिरहम भरण्याची तडजोड करावी लागली.

बहिष्काराचे हे शास्त्र आपल्या समाजाला कोणी शिकवायची गरज नाही. ते आपल्या पाठीवर लिहिलेले आहे. १९३० च्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क मागितला की गाव त्यांना जमिनीवरून काढतो, वाट बंद करतो, दुकानदार मीठमिरची देत नाही, हे त्या समितीने नोंदवून ठेवले. तो बहिष्कार लागू पडत होता, कारण जमीन, वाट आणि दुकान टाकणाऱ्याच्या हातात होते. महाराष्ट्राला त्याविरुद्ध कायदा करायला २०१६ साल उजाडले. ज्याच्या हातात दुसऱ्याची गरज असते त्याचा बहिष्कार चालतो. पेट्रोलच्या बाबतीत गरज आपली आहे आणि नळी त्यांच्या हातात आहे. वस्तीतल्या ज्या बाईकडे सायकलसुद्धा नाही तीही डिझेल विकत घेते. भाजीच्या टेम्पोत घेते, एसटीच्या तिकिटात घेते. ऑक्टोबर २०२१ मध्ये डिझेलचे कारण सांगून एसटीने भाडे १७.१७ टक्क्यांनी वाढवले. तिने बहिष्कार कशावर टाकायचा? मुलाच्या कॉलेजवर?

भाव उतरले कधी, ते आता तारखांसह पाहू. २ नोव्हेंबर २०२१ ला पोटनिवडणुकांचे निकाल लागले. हिमाचलात केंद्रातील सत्ताधारी पक्षाने मंडीची लोकसभा आणि विधानसभेच्या तिन्ही जागा गमावल्या. महागाई भोवली, असे त्यांच्याच मुख्यमंत्र्यांनी बोलून दाखवले. दुसऱ्याच दिवशी पेट्रोलवरचे शुल्क पाच आणि डिझेलवरचे दहा रुपयांनी कमी झाले. त्यानंतर उत्तर प्रदेश, पंजाबच्या निवडणुका होईपर्यंत, साडेचार महिने, रोज बदलणारा भाव एक पैसाही हलला नाही. निकाल लागले आणि २२ मार्च २०२२ पासून पुन्हा चढू लागला. १४ मार्च २०२४ ला भाव दोन रुपयांनी उतरल्याची घोषणा झाली. लोकसभेचा कार्यक्रम जाहीर झाला १६ मार्चला.

त्या तरुणांना आम्ही हाच कागद दाखवला. एका बाजूला टाळेबंदीचे ८२ दिवस, दुसऱ्या बाजूला पोटनिवडणुकीनंतरचा एक दिवस. जो कमी बोलत होता त्याने विचारले, मग मागायचे काय? जीएसटी आला तेव्हापासून पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर आहे. कलम २७९अ नुसार ते आत आणण्याची तारीख जीएसटी परिषदेने सुचवायची आहे. १७ सप्टेंबर २०२१ च्या लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि सगळ्यांनी मिळून तो बाजूला सारला. त्या परिषदेत आपल्या राज्याचा मंत्री बसतो. तो काय बोलणार, हे आपल्या आमदाराला विचारता येते. दुष्काळाच्या नावाने किती रुपये गोळा झाले आणि ते कोणत्या तालुक्यात खर्च झाले, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येते.

पत्रकाऐवजी अर्ज लिहायचे ठरले. रविवारी संध्याकाळी पोरे आली, मसुदा दोनदा फाडला, तिसऱ्यांदा जमला. ज्याने आम्हाला सुनावले होते त्याचेच अक्षर चांगले निघाले.