प्राध्यापकाची जागा आणि मोजणीचे माप

आमचे तरुण एम. ए. झाले, नेट-सेट उत्तीर्ण झाले, पीएच. डी. झाले, तरीही विद्यापीठात त्यांना प्राध्यापकाची जागा का मिळत नाही, असा प्रश्न केला की ठराविक उत्तर येते: पदवीधर पुष्कळ आहेत, पण लायक उमेदवार नाहीत. वाचकहो, हे उत्तर मान्य करण्यापूर्वी जागा कशा मोजल्या जातात हे आपण तपासून पाहिले पाहिजे.

अनुसूचित जातींस शेकडा 15, जमातींस साडेसात व इतर मागासवर्गीयांस 27 जागा राखीव असतात. या प्रमाणामुळे बिंदुनामावलीत इतर मागासवर्गीयांचा पहिला बिंदू चौथा, जातींचा सातवा आणि जमातींचा चौदावा येतो. आता समजा, एका विद्यापीठात 20 विभाग असून प्रत्येकात सहायक प्राध्यापकांच्या 6 जागा आहेत. एकूण जागा 120. संपूर्ण विद्यापीठ हा एक घटक धरला तर जातींस 18, जमातींस 9 व इतर मागासवर्गीयांस 32 जागा मिळतात. विभाग हा घटक धरला तर इतर मागासवर्गीयांस 20 मिळतात. जातींस व जमातींस एकही नाही! कारण सातवी जागा कोणत्याच विभागात नाही. जागा रिकामी होईल तेव्हा बिंदू पुढे सरकेल, असे सांगण्यात येते. परंतु प्राध्यापक पंचवीस-तीस वर्षे पदावर राहतो. तोवर उमेदवाराची उमेद संपलेली असते.

हे गणित केवळ कागदावरचे नव्हते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2017 साली विभाग हाच घटक ठरविला. विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च 2018 मध्ये तसे पत्रक काढले. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. आरक्षणाचे प्रमाण तसूभरही बदलले नव्हते, बदलले होते ते फक्त माप. विद्यार्थी व अध्यापक रस्त्यावर उतरले, तेव्हा 7 मार्च 2019 रोजी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी जुलैत संसदेने कायदा करून संपूर्ण संस्था हा घटक ठरविला. मात्र तो कायदा केंद्रीय शिक्षणसंस्थांपुरता आहे आणि त्यातूनही काही नामांकित संशोधन संस्था व अल्पसंख्याकांच्या संस्था वगळलेल्या आहेत.

माप सुधारले तरी जागाच भरल्या नाहीत, तर काय उपयोग? आपल्या महाविद्यालयांत कायम पदे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर काम भागविण्याची रीत पडली आहे. जेवढे तास शिकवाल तेवढेच मानधन. सुटीत काही नाही. कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या शेकडा 10 हून अधिक नसावेत, आणि त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावे, असे आयोगाच्या 2018 च्या विनियमांतच म्हटले होते. ज्याला पुढील सत्राची शाश्वती नाही, त्याने संशोधन कशाच्या बळावर करावे?

म्हणून सुशिक्षित तरुणांना आमचे सांगणे आहे की, जाहिरात निघताच केवळ अर्ज करून थांबू नका. माहितीच्या अधिकाराखाली त्या संस्थेची बिंदुनामावली मागा. घटक कोणता धरला, अनुशेष किती, आणि ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा कोणत्या कारणाने मारला, हे लेखी विचारा. हे काम एकट्याने न करता गावोगावच्या पदवीधरांनी मिळून करावे. कारण नामावलीतील चूक नेमणुकीपूर्वी दाखविली तर ती दुरुस्त होण्याचा संभव असतो, नेमणुकीनंतर मात्र वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.