वजन उतरवायला बार कशाला?

मारेगावसारख्या तालुक्याच्या गावातही आता मेडिकलच्या काउंटरवर चकचकीत वेष्टनातले बार दिसू लागले आहेत. वणीहून रोज ये-जा करणारे शिक्षक, दिवसभर खुर्चीत बसणारे बँकेतले कर्मचारी, डॉक्टरांनी ‘वजन कमी करा’ असे बजावलेले दुकानदार, ही सगळी त्यांची गिऱ्हाइके. संध्याकाळी पाचच्या भुकेला एक ‘हेल्दी’ बार खाल्ला की वजन उतरते, ही समजूत घट्ट होत चालली आहे. ती चुकीची आहे, आणि खिशालाही परवडणारी नाही.

बारची बाजू घेणारे म्हणतात, समोसा-आलुबोंड्यापेक्षा तो तरी बरा. असेल. पण तळणापेक्षा बरा, एवढ्याने एखादा पदार्थ वजन उतरवणारा ठरत नाही. बार निघाला कशासाठी, ते पाहा. ब्रायन मॅक्सवेल हा कॅनडाचा मॅरेथॉन धावपटू. लांबच्या शर्यतीत ऐन वेळी अंगातली ताकद संपते, या अनुभवातून त्याने १९८६ साली कॅलिफोर्नियात ‘पॉवरबार’ काढला. दोन-अडीच तास धावणाऱ्याला चार घासांत भरपूर कॅलरी हव्या असतात. खुर्चीत बसणाऱ्याला नेमक्या त्याच नको असतात.

मग सांगितले जाते की यात साखर नाही, मध आहे, खजुराचा पाक आहे, गूळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मध आणि सगळे पाक साखरेच्याच रांगेत बसवले आहेत. गुळाबद्दल आपण फार हळवे असतो, म्हणून आकडाच सांगतो: १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. वजनाच्या हिशेबात हा फरक नगण्य आहे. त्यामुळे बार सोडून शेंगदाण्याच्या चिक्कीकडे वळा, असेही मी म्हणणार नाही. चिक्की आपली आहे, मलाही आवडते, पण ती वजन उतरवायचे खाणे नव्हे.

वेष्टनाच्या दर्शनी बाजूवर विश्वास ठेवायचे कारण नाही. ‘हेल्थ ड्रिंक’ असा कोणताही प्रकार अन्नसुरक्षा कायद्यात नाही, हे २०२४ साली केंद्र सरकारला ऑनलाइन विक्रेत्यांना बजावून सांगावे लागले. खरी माहिती मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी छापावी लागते, आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. पहिल्या तीन नावांत पाक, सिरप किंवा गूळ आला की समजावे, हाती मिठाईच आहे.

प्रोटीनचा मुद्दा मात्र मला सगळ्यात जास्त लागतो. अनेक बारमध्ये प्रोटीन येते ते सोयाबीनचे. सोयाबीन आपल्याच शिवारात पिकते. २०२४-२५ च्या हंगामात त्याचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, म्हणजे किलोला एकोणपन्नासही नाही. किलोभर सोयाबीनचे शेतकऱ्याला जे मिळावेत, तेवढेच पैसे आपण चाळीस ग्रॅमच्या बारला मोजतो. आणि प्रोटीनसाठी कपाशीत आंतरपीक म्हणून घेतलेली तूरही घरातच असते.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घराघरांत वाद पेटला होता: दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणत होते, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडे-थोडे पण वेळेवर आणि आपल्या मातीतले खा म्हणत होत्या. त्या वादात कोण बरोबर, याचा निकाल मी देत नाही. पण दोघांच्याही ताटात बारला जागा नव्हती, हे कुणी लक्षात घेतले नाही.

मग पाच वाजता खायचे काय? फुटाणे. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम फुटाण्यांत साधारण ११० कॅलरी आणि सहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळते. सालासकट खाल्ले तर चोथा भरपूर. शिवाय ते चावावे लागतात, आणि चावायला वेळ लागला की पोट भरल्याची जाणीव व्हायला सवड मिळते. अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न पुढे ठेवल्यावर तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भरभर खात होती. बार दोन मिनिटांत संपतो.

हिवाळ्यात तर फुटाण्यांचीही गरज नाही. मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत बसा. हात गुंतलेला राहतो आणि पोटही भरते. ज्वारीच्या लाह्या आहेत, ताक आहे. शेंगदाण्यांचे मात्र जपून: शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी, म्हणून डबा पुढ्यात घेऊन बसायचे नाही, मोजून घ्यायचे.

प्रवासात अडकलात, दुसरे काही मिळत नाही, तर बार खा, त्यात पाप नाही. माझी कसोटी अशी: बारमागे वरून घातलेली साखर पाच ग्रॅमच्या आत, प्रोटीन दहाच्या पुढे, आणि घटकांत पहिले नाव दाण्याचे किंवा डाळीचे.

पाचच्या भुकेचे मूळ बहुतेक वेळा दुपारच्या डब्यात असते. दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी एवढ्यावर दुपार काढली तर पाचला भूक लागणारच. त्या डब्यात वाटीभर घट्ट वरण किंवा मोड आलेली मटकी घाला, एका पोळीच्या जागी ज्वारीची भाकर ठेवा, आणि दोन आठवडे पाहा, पाच वाजता मेडिकलकडे पाय वळतात का.